महिन्याला पावणेदोन रुपये

नीलम्मा मूल ताब्यात घेताना आधी त्याचं तोंड उघडून बघते. करंगळी ओठांतून आत घालते, मग मूल उजेडाकडे धरून त्याच्या डोळ्यांत बघते, मग तोंडाचा वास घेते. एवढं झालं की म्हणते, "हं, द्या."

माझी मुक्ता अकरा महिन्यांची असताना मी तिला पहिल्यांदा नीलम्माच्या उंबऱ्याशी नेलं. मी मुलींच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवते. नखांतले जंतू हा माझा सातवीचा धडा. न राहवून मी विचारलं, "हात धुतलेत ना?"

"धुतल्यात बाई," नीलम्मा म्हणाली. "तुमी जेवढ्या बारी फळा पुसला आसंल ना, तेवढी पोरं पुसल्यात मी."

मी मुक्ताला तिच्या हातात दिलं. दुसरा इलाज नव्हता. बाळंतपणाची रजा आणि तिला जोडून घेतलेली बिनपगारी रजा संपून शाळा सुरू झाली होती. आई गेलेली, सासूबाई करकंबला, त्यांचे गुडघे धरलेले. नवी पेठेमागच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी साडेदहानंतर मुक्ताला सांभाळणारं कोणी नव्हतं. नीलम्मा गिरणीच्या चाळीत राहते, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. ती राहते तिथली गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली. तिथल्या पाळणाघरात ती वीसेक वर्षं आया होती. गिरणी गेली, पाळणाघर गेलं, आणि नीलम्मा घरीच मुलं सांभाळू लागली. तिचं वय अठ्ठावन्नच्या आसपास असावं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगानं बारीक, आवाज मात्र गिरणीच्या खात्यातल्या यंत्रांवरून हाका मारून मोठा झालेला. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही.

तिच्या घरात आणखी एक माणूस आहे, तिचा मुलगा गुरप्पा. वय सदतीस. उंच, रुंद खांद्यांचा, आणि समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. शेजारच्या मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून देतो. एकदा रहाटाशी बसला की सुताशिवाय कशाकडे बघत नाही. मुलं त्याच्या पाठीवर चढतात, तो हलत नाही. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे फार वेळ बघत राहिले असणार. नीलम्मा म्हणाली, "तो कुणाला काय करत न्हाय. तुमाला भ्या वाटत आसलं तर दुसरीकडं बघा, मी वाईट वाटून घेनार न्हाय."

मी दुसरीकडे बघितलं नाही. पण भीती वाटत होती, हे खरं.

महिना पंचेचाळीस रुपये ठरले.

या पंचेचाळीस रुपयांवरून आमच्या घरात वर्षभर बोलणं चाललं. दर दोन महिन्यांनी थोरले भाऊजी, हिंदुराव, करकंबहून येत. जुन्या रीतीचे असल्यामुळे ते धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. मला जे सांगायचं ते मुक्ताला मांडीवर घेऊन तिला सांगतात.

"मुक्ते, तुझ्या आईला इचार, लेकराला दुसऱ्याच्या दारात टाकून मिळतंय किती?"

मुक्ता त्यांच्या मिशा ओढायची. मी आतून म्हणायची, "चारशे तीस."

"तुझ्या बाला इचार, त्यातलं ऱ्हातंय किती?"

ह्यांना हिशोबाची आवड आहे. वीज मंडळात अभियंते आहेत, कुठलाही आकडा अर्धवट सुटलेला बघवत नाही. भाऊजींनी पहिल्यांदा विचारलं त्याच रात्री ह्यांनी वही उघडली. चारशे तीसमधून भविष्य निर्वाह निधी कापून हातात तीनशे चौऱ्याण्णव. नीलम्माचे पंचेचाळीस. मी घरी नाही म्हणून मुक्ताला वरचं दूध, चोवीस. भांड्याला बाई लावली, पंधरा. उशीर झाला की रिक्षा, वीस. शाळेसाठी साड्या आणि चपला, वर्षाचा खर्च बारांनी भागून पंचवीस. उरले दोनशे पासष्ट.

"आणि इन्कमटॅक्स?" मी विचारलं. माझा वर्षाचा पगार पाच हजारांच्या जरासा वर जात होता.

"ते सिद्धप्पांना विचारू."

सिद्धप्पा वकील ह्यांचे कागद करतात. मी स्वतः गेले. मनात एक गोष्ट धरून गेले होते, ती बोलायला मला लाज वाटत होती, तरी बोलले. "वकीलसाहेब, मी नोकरीला जाते म्हणून मूल सांभाळायला बाई ठेवली आहे. बाई नसेल तर नोकरी नाही. मग तिचा पगार माझ्या उत्पन्नातून वजा होतो का?"

त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही शिकवण्यासाठी पुस्तकं घेतली, वजा. तुमचे मिस्टर कामावर स्कूटरनं जातात, तीही वजा. विम्याचा हप्ता, त्यालाही सूट."

"आणि मूल?"

"मूल घरगुती."

"स्कूटर घरगुती नाही?"

ते इतके हसले की बाहेरचा कारकून आत डोकावला. "तुम्ही दिल्लीला, लोकसभेत पाहिजे होतात. पण तूर्त दोन-तीन पुस्तकं घ्या, विम्याची पावती आणा, टॅक्स शून्य करून देतो."

तसं केलं. वर्षाला सतरा-अठरा रुपये वाचले. म्हणजे महिन्याला दीड रुपया. ह्यांनी तोही वहीत मांडला.

भाऊजींचं म्हणणं होतं, नोकरी सोडावी, नाहीतर मुक्ताला करकंबला पाठवावं. "दोनशे पासष्टासाठी? मुक्ते, त्या खुळ्याच्या घरात तुला दिवसभर ठिवत्यात, दोनशे पासष्टासाठी!" हे 'खुळ्या' शब्दावर काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

मार्चअखेर मला मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, लेखी द्यायचं होतं की पुढे नोकरी करणार की नाही. फेब्रुवारीत तपासणीला साहेब येणार, माझा पाठ बघणार, पाठ चांगला झाला तर मी कायम होणार. कायम झाले की वेतनवाढ, पुढे निवृत्तिवेतन. मग दोनशे पासष्टाचा प्रश्न कोणी विचारणार नाही, असं मला वाटत होतं. सगळं त्या एका दिवसावर येऊन थांबलं होतं.

तपासणीच्या आदल्या रात्री मुक्ताला खोकला झाला. अंग कोमट. जानेवारीत तिला गोवर आला, त्यात माझ्या सगळ्या किरकोळ रजा संपल्या होत्या. डॉक्टरांनी मागे दिलेली खोकल्याच्या औषधाची बाटली होती, तपकिरी, गोड वासाची. रात्री झोपताना अर्धा चमचा, असं त्यांनी सांगितलं होतं. तो मी दिला. ती झोपली. पहाटे पाचला खोकत उठली, रडू लागली, काही केल्या थांबेना. मी एक चमचा दिला. नऊला पुन्हा रडली. मला साडी नेसायची होती, हृदयाचा तक्ता गुंडाळून घ्यायचा होता, हे फिरतीवर गेले होते. मी आणखी एक चमचा दिला.

मला माहीत होतं मी काय करते आहे. शांत राहील, नीलम्मा घेईल, मी अकरा वाजता वर्गात उभी राहीन. एवढंच मनात होतं.

नीलम्माच्या दारात पोचले तेव्हा मुक्ता खांद्यावर जड झाली होती. नीलम्मानं नेहमीसारखी करंगळी घातली. मुक्तानं ती चोखली नाही. नीलम्मानं तिला उजेडाकडे वळवलं, पापणी बोटानं वर केली. मग वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"काय दिलं?"

"औषध. खोकल्याचं. डॉक्टरांनी सांगितलेलं."

"हे पोर मी घेनार न्हाय."

"नीलम्मा, आज तपासणी आहे हो. आजच्या दिवस..."

"चला."

"कुठं?"

"डाक्टरकडं. चला म्हनते ना!" ती मुक्ताला माझ्या खांद्यावरून उचलून निघालीसुद्धा. जाता जाता तिनं गुरप्पाला कानडीत काही सांगितलं, आणि तो रहाट सोडून घरातल्या बाकीच्या दोन मुलांपाशी येऊन बसला. मी तक्ता काखेत धरून तिच्यामागे पळत होते. ती मुक्ताच्या तळव्यांवर बोटांनी टिचक्या मारत होती, गालावर फुंकर घालत होती, कानडीत बाळाला कूस म्हणतात तशा मोठ्यानं हाका मारत होती, "ए कूस! ए मुक्ता! झोपायचं न्हाय! बघ, तुझी आई बघ कशी पळाय लागलीया!"

दवाखाना पुढच्याच बोळात होता. डॉक्टरांनी मुक्ताला टेबलावर घेतलं, छाती तपासली, डोळे बघितले, माझ्याकडे वळून विचारलं, "काय दिलंत? किती?"

"अर्धा चमचा," मी म्हणाले. "रात्री. तुम्ही सांगितला तेवढाच."

असं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते, इतकं सहज.

नीलम्मा माझ्याजवळ आली. आजवर ती मला तुम्ही म्हणत आली होती. आता हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. मी सांगितलं न्हवतं."

मला त्या क्षणी त्याचा अर्थ कळला नाही. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून माझं तोंड उघडलं. "पहाटे एक चमचा. नऊला एक. आणि रात्रीचा अर्धा."

डॉक्टर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते मी ऐकूनच घ्यायला हवं होतं. त्या औषधात गुंगी आणणारं द्रव्य असतं, एवढ्या लहान मुलाचा श्वास त्यानं मंदावतो, हे त्यांनी मला समजावलं, शरीरशास्त्राच्या शिक्षिकेला. मुक्ताला झोपू द्यायचं नाही, इथेच बसायचं, दर पंधरा मिनिटांनी मी श्वास मोजीन, म्हणाले.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. एकदा नीलम्मा तिला घेऊन फेऱ्या मारी, एकदा मी. अकरा वाजून गेले. साडेअकरा. मुक्ता मधूनच किरकिरायची आणि मला ते किरकिरणं ऐकून बरं वाटायचं. बाराच्या सुमाराला तिनं पहिल्यांदा खणखणीत भोकाड पसरलं. डॉक्टर आतून म्हणाले, "रडू दे. छान रडतेय."

तेव्हा नीलम्मा बाकावर टेकली. पदरानं मान पुसली आणि मी न विचारताच बोलू लागली.

"गुरप्पा आठ महिन्याचा आसताना मी गिरणीत रिळाच्या खात्यात लागले. मालक वारला हुता माझा," नवऱ्याला ती मालक म्हणते. "पगार बारा रुपये. चाळीत एक म्हातारी पोरं सांभाळायची, महिन्याला दोन रुपये घ्यायची. आन् गोळीला आठवड्याला आणा पडायचा. महिन्याचे चार आणे."

"कसली गोळी?"

"बाळगोळी म्हनायचे. आफूची. समद्या बाया द्यायच्या की. सकाळी एक गोळी दुधात घातली की पोर संध्याकाळच्या भोंग्यापतूर झोपायचं, म्हातारीची गरज न्हाय. दोन रुपयात चार आणे वजा केले. महिन्याला पावणेदोन रुपये वाचत हुते, बाई. लई वाटायचे."

मुक्ता माझ्या मांडीवर हुंदके देत होती. नीलम्मानं तिचा पाय हातात धरला होता.

"दोन वर्सं दिली. चालंना, बोलंना. डाक्टरकडं न्हेलं तर त्यो इचारी, काय देता का? मी म्हनायची, न्हाय बा. कशी सांगू? गुरप्पा तीन वर्साचा झाला तवा गिरणीत पाळणाघर निघालं. डाक्टरीनबाई यायच्या. त्यांनी समद्या आयांना शिकवलं, दारात पोराचं तोंड बघायचं, डोळं बघायचं. गोळी दिलेली आसली तर पोर घ्यायचं न्हाय, आईला बी कामावर सोडायचं न्हाय. मी रिळाचं खातं सोडलं आन् आया झाले. पगार कमी. तवापासून बघते."

"त्या गोळीनंच गुरप्पा असा...?"

"डाक्टरीनबाई म्हनल्या, आसंल, नसंल. जन्माचंच बी आसंल." तिनं मुक्ताच्या पायाचा तळवा चोळला. "त्या चांगल्या हुत्या."

दोन वाजता डॉक्टरांनी घरी जाऊ दिलं. शाळेकडून शिपाई दोनदा घरी येऊन गेल्याचं शेजारणीनं सांगितलं.

रात्री हे आले. मी सगळं सांगितलं, दोन चमचे आणि खोटंसुद्धा. ते उठले, बाटली मोरीत ओतली, रिकामी बाटली बराच वेळ विसळत राहिले. त्यानंतर आम्ही दोघंही झोपलो नाही. मुक्ताच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. मी खरं सांगितलं, पण चमच्यांचं सांगितलं नाही. मूल आजारी होतं, एवढंच. "साहेब परत वर्षानं येणार," त्या म्हणाल्या. "तुमचं कायम होणं वर्षभर पुढे. वेतनवाढ नाही. आणि हे दरवर्षी होणार असेल तर आत्ताच विचार करा. मार्चअखेर लेखी द्या."

आठ दिवस मी बिनपगारी रजा घेतली. दिवसाला चौदा रुपये तेहतीस पैसे कापले गेले. नवव्या दिवशी मुक्ताला घेऊन नीलम्माकडे गेले. ती 'नको' म्हणाली असती तर मला बोलायला जागा नव्हती.

गुरप्पा दारात होता. मुक्तानं त्याला बघून हात पसरले. त्यानं तिला घेतलं नाही, आधी आईकडे बघितलं.

"बसा," नीलम्मा म्हणाली. "आता साठ घेईन."

"देईन."

"आजून आयका. पोर आजारी आसलं की हितं आनायचं न्हाय. हितं दुसरी पोरं हायत. मी तुमच्याकडं येईन. बाकीच्या दोघांना माझी पुतणी बघंल. पर गुरप्पाला मी मागं ठिवत न्हाय, त्यो बी येईल. दोघांची भाकरी तुमची. तापाच्या पयल्या दिवशी तुमी शाळेत जायचं न्हाय, किती बी मोठा साहेब येऊ द्या. दुसऱ्या दिवसापासनं मी."

"आमच्या घरी? गुरप्पा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय. न्हायतर दुसरी बघा."

तिनं आवाज चढवला नव्हता. मला भाऊजी दिसत होते, त्यांचा 'खुळ्या' शब्द, आणि तो ऐकून गप्प बसलेली मी. मी म्हणाले, "येऊ दे."

ह्यांनी नवी बेरीज केली. साठ रुपये, वर्षातल्या बिनपगारी दिवसांचे अंदाजे महिन्याला सतरा, दोघांच्या भाकरीचे पाच. उरले दोनशे अठ्ठावीस. ह्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "तू म्हणशील तसं," म्हणाले. मला राग आला. त्यांनी स्वतःचं काहीतरी म्हणायला हवं होतं.

मार्चच्या मध्यात मुक्ताला पुन्हा ताप आला. पहिला दिवस मी राहिले. दुसऱ्या दिवशी नीलम्मा आणि गुरप्पा आले. मी शाळेतून साडेपाचला घरी पोचले, तर दारात ज्वारीचं पोतं, आणि पडवीत थोरले भाऊजी उभे. त्यांच्यासमोर गुरप्पा. त्याच्या एका खांद्यावर मुक्ताची धुतलेली झबली ओळीनं टाकलेली, दुसऱ्यावर मुक्ता.

"ह्यो कोन?" भाऊजींनी विचारलं.

"माझा ल्योक," नीलम्मा आतून म्हणाली. "झबली वाळवाय लागलाय. दोरीवर घातली तर त्याला पटत न्हाय, वाऱ्यानं उडत्यात म्हनतोय."

भाऊजी मुक्ताकडे वळले. "मुक्ते, तुझ्या आईनं आता घरातच आनून बसिवलं व्हय समद्यांना?" मग स्कूटर लावून येत असलेल्या ह्यांना, "कुंडलिक, किती ऱ्हातंय आता?"

"दोनशे अठ्ठावीस."

"आधी पासष्ट हुतं."

"हो."

"हळूहळू तूच पैसं देऊन बायकूला कामावर धाडशील की रं!"

नीलम्मा हात पुसत बाहेर आली. "पाटील, घरी म्हस आसंल न्हवं?"

"दोन हायत. का?"

"दूध इकता?"

"इकतो की."

"पेंड, कडबा, गड्याचा पगार वजा केला की किती ऱ्हातंय?"

भाऊजी मिशीत हसले. "ते नका इचारू म्हातारे. तसं धरलं तर म्हसच माझ्याकडं बाकी मागंल."

"मग इकली का म्हस?"

"म्हस कोन इकतंय!"

"मंग," नीलम्मा म्हणाली आणि आत गेली. आपल्याला म्हशीशेजारी बांधल्याचं कळायला मला थोडा वेळ लागला. तोवर हे तोंड फिरवून हसत होते.

जेवताना भाऊजींनी गुरप्पाशेजारचं पान घेतलं नाही, जरा लांब बसले. पण तो तिसरी भाकरी मोडताना बघत होते. निघताना मुक्ताला म्हणाले, "मला काय हे पटल्यालं न्हाय. तुझ्या आईला सांग. आन् ज्वारी दर महिन्याला एक पायली जास्त धाडतो म्हनून सांग, खानारं दोघं वाढल्यात." ते गेल्यावर ह्यांनी वही काढून भाकरीचे पाच रुपये खोडले.

मी हे लिहिते आहे तेव्हा मुक्ता झोपली आहे. मधेच दोनदा उठून तिच्या नाकाशी हात धरून आले. ही सवय आता जाणार नाही. नीलम्माला म्हातारपण आलं की गुरप्पाचं काय, हे ती बोलत नाही आणि मला विचारायचा धीर होत नाही. साठ रुपयांत मी ती काळजी विकत घेतलेली नाही, पण ती माझ्या घरात येऊन बसली आहे.

तीस मार्चला मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि नोकरी पुढे करणार असल्याच्या कागदावर सही केली.

"घरचं सगळं ठरलं?" त्यांनी विचारलं.

"ठरलं."

"आणि पुढच्या तपासणीला मूल आजारी पडलं तर?"

"तर मी येणार नाही," मी म्हणाले. "सकाळीच निरोप पाठवीन."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं कागद परत देतील. त्यांनी त्यावर तारीख घातली, टाचणी लावली आणि म्हणाल्या, "जा, घंटा झाली."